डाव्या खिडकीखालच्या रेघा

पडदा हिरव्या ताडपत्रीचा आहे. तो वर जात नाही, बाजूला ओढला जातो.

जानेवारीतली सकाळ. नागपूरच्या रामदासपेठेतलं एका कॉलेजचं मैदान. गवतावर दव, कोपऱ्यात तर्री-पोह्याची गाडी आणि तिच्या वाफेवर हात शेकत उभी असलेली पाच-सहा माणसं. मैदानाच्या मधोमध एक ट्रॉली, तिच्यावर दोऱ्यांनी आवळलेलं काहीतरी मोठं आणि गोल. एक उंच, किंचित वाकलेला म्हातारा गाठी सोडतो आहे. एक गाठ सोडायची, दोरी गुंडाळून खांद्यावर टाकायची, मग दुसरी. पोहे खाणाऱ्यांचे चमचे हळूहळू थांबतात. शेवटची गाठ सुटते, म्हातारा ताडपत्रीचं टोक धरून मागे चालत जातो, आणि उन्हात एक नाक उघडं पडतं. विमानाचं नाक. मागे विमान नाही. पंख नाहीत, शेपूट नाही. पुढे तिरप्या काचा, काचांमागे दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी खोली, आणि बाकीचं विमान जिथे असायला हवं तिथे सागवानाचा चार पायऱ्यांचा जिना.

हे डाकोटा विमानाचं कॉकपिट, आणि तो म्हातारा गिरिधर डबीर.

दर जानेवारीत या मैदानावर विमानाच्या छंदी माणसांचा मेळावा भरतो. अख्खं विमान कोणाकडेच नाही. कोणी लढाऊ विमानाची खुर्ची आणतं, कोणी ग्लायडरचा पुढचा अर्धा भाग, कोणी नुसत्या तबकड्या लाकडी पेटीत मांडून बसतं. दोन दिवस लोक येतात, बघतात, पोरांना उचलून आत बसवतात. गर्दी मात्र डाकोटाशीच. पायऱ्यांपाशी चपला काढा अशी पाटी गिरिधरनं कधी लावली नाही, तरी पहिल्या वर्षापासून तिथे चपलांची रांग लागते. आत शिरणाऱ्याला तो एकच गोष्ट सांगायचा.

"पहिली दोन मिनिटं हात मांडीवर. आधी पाहून घ्या. मंग लावा हात, माझी ना नाही."

या माणसाच्या आयुष्यात विमान कुठून आलं, हे सांगायला हवं. गिरिधरची नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, तेहतीस वर्षं. काम तबकड्यांचं. बॉयलरचा दाब, वाफेचं तापमान, पाण्याची पातळी दाखवणारे काटे तपासायचे आणि चुकले असतील तर ताळ्यावर आणायचे. तिथे त्याला रामाजी नावाचा जुना मेकॅनिक उस्ताद म्हणून लाभला. पहिल्याच दिवशी गिरिधरनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला तसा रामाजीनं तो त्याच्या हातून काढून घेतला आणि पेन्सिल दिली.

"काटा हालवायच्या आधी तो कुठं आहे ते लिही. चुकीचं दाखवत असन तरी लिही. एकदा हालला का तो कुठं होता ते देवालेही सांगता नाही येत गा."

तेव्हापासून गिरिधरच्या रजिस्टरात दोनच रकाने असत. डावीकडे 'जसं सापडलं', उजवीकडे 'काय केलं'. पुढे ही सवय घरापर्यंत आली. घरचा मिक्सर उघडतानाही तो आधी लिहायचा. बायको नीला म्हणायची, "लग्नाच्या दिवशी मला पाहून काय लिहिलं होतं, तेही दाखवा एकदा." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "तिथं उजवा रकाना कोराच आहे. सुधारायची सोय नव्हती."

विमान मात्र वडिलांकडून आलं. वडील टपाल खात्यात होते. त्या काळी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावात जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत ती आपापल्या गावी परतत. गिरिधरचे वडील त्या थैल्या मोजून चढवायला असत. पहाटे घरी आले की त्यांच्या सदऱ्याला लाखेचा आणि तागाचा वास येई. जन्मभर त्यांनी विमानात टपाल चढवलं, स्वतः कधी बसले नाहीत.

नोकरी संपल्यावर गिरिधर एकदा लकडगंजला गेला तो दाराच्या चौकटीसाठी. तिथे ओमप्रकाशची लाकडाची वखार आहे, आरा मशीन आहे, आणि दोघांची जुनी दोस्ती. शेजारच्या कबाड्याच्या आवारात डाकोटाचं हे नाक आडवं पडलं होतं. आत एक शेळी बांधलेली. कबाड्याचा माणूस गॅस कटर पेटवून उभा, शेळी सोडली की कापायला मोकळा. गिरिधर जाऊन मध्ये उभा राहिला तो हललाच नाही.

"डबीरसाब," ओमप्रकाश म्हणाला, "चौकट न्यायला आले अन् हे काय घेऊन चालले? भाभी घर में घुसने देंगी?"

भाभीनं घुसू दिलं नाही. "अंगणात एक तर ते राहील नाही तर मी," म्हणून नीलानं निकाल दिला. तेव्हा ओमप्रकाशनंच वखारीतला एक कोपरा रिकामा केला, वर पत्रे टाकले, आणि पुढे स्वतःच्या हातानं सागवानाचा तो जिना करून दिला. नीला दुसऱ्याच आठवड्यात डबा घेऊन वखारीत आली, आत डोकावली, आणि पदर खोचून म्हणाली, "केवढी घाण ही. दिवाळी आठ दिवसांवर आली."

मग दोघांनी दिवाळीची सफाई काढली. शेळीच्या लेंड्या, कोळ्यांची जाळी, भुसा, काजळी. नीलानं घरून रॉकेलचा डबा आणला, जुन्या बनियनचे फडके केले. भिंती पुसल्या तसा आतला जुना हिरवा रंग वर आला. तबकड्या गिरिधरनं एकेक करून, लिहून घेऊन पुसल्या. डाव्या खुर्चीशेजारी, खिडकीच्या खाली, त्याला पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा दिसल्या. चार उभ्या, पाचवी आडवी, अशा जुड्या. कबाड्याची माणसं अशीच मोजदाद करतात, हे त्यानं शेजारच्या आवारात डोळ्यांनी पाहिलेलं. पत्र्यावर, भिंतीवर, हाताशी येईल त्यावर. त्यानं सवयीनं मोजून रजिस्टरात लिहिलं आणि ओला फडका फिरवला. दोन हातांतच जागा लख्ख झाली.

यानंतर मधली पंधरा-सोळा वर्षं गेली. दर जानेवारीत ट्रॉली, ताडपत्री, मैदान. मेळाव्याचा कारभार सुमंत पाहायचा. बँकेतून निवृत्त झालेला, उत्साही, माईक हातात आला की न सोडणारा माणूस. एका वर्षी त्यानं कॉकपिटचा फोटो, खाली गिरिधरचं नाव आणि फोन नंबर देऊन, वर्तमानपत्रात छापून आणला. फोटोत तबकड्यांच्या वर रंगवलेली विमानाच्या नोंदणीची अक्षरं स्पष्ट वाचता येत होती.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी, चार वाजता, गिरिधर वखारीत दोऱ्या आवळत असताना फोन वाजला.

"डबीर का? मी कुसुम बक्षी. महाल भागातून बोलते." आवाज म्हातारा पण शब्द ठणठणीत. "पेपरात तुमच्या विमानाचा फोटो पाहिला. आमच्या यांच्या वहीत हीच अक्षरं आहेत. भिंग लावून तीनदा पाहिली."

कुसुमताईंचे यजमान कॅप्टन वामनराव बक्षी टपालाच्या विमानावर वैमानिक होते. मुक्काम मद्रासला. लग्न झालं आणि सहा महिन्यांत सासूबाई अंथरुणाला खिळल्या, म्हणून कुसुमताई नागपुरात राहिल्या, तीन वर्षं. वामनराव आठवड्यातून दोनदा नागपुरात उतरायचे. मध्यरात्री यायचे, दोन तासांनी जायचे, आणि विमानतळ सोडायची परवानगी नव्हती.

"अडीच कोसांवर मी," कुसुमताई फोनवर म्हणाल्या. "विमानाचा आवाज यायचा, माणूस नाही. मग ते काय करायचे माहीत आहे? नागपूरला उतरलं की डाव्या खिडकीखाली पेन्सिलीनं एक रेघ मारायचे. पत्रात लिहायचे, आज आणखी एक झाली. मी म्हणायची, दाखवा तरी. तर म्हणे, विमान म्हातारं झालं की दाखवीन. विमानाच्या आधी तेच गेले." मग त्यांनी विचारलं, "आहेत नं हो त्या रेघा?"

वखारीत आरा मशीन चालू होती. गिरिधरनं फोन कानाला घट्ट लावला. सांगायचं ते एका वाक्याचं होतं.

"या तुम्ही उद्या," तो म्हणाला.

त्यांनी ते हो समजून घेतलं. ते तसंच समजलं जाणार, हे बोलतानाच त्याला ठाऊक होतं.

फोन ठेवून तो ओंडक्यावर बसला. ओमप्रकाशनं मशीन बंद केली. हकीकत ऐकून तो पहिल्यांदा हसला, मग गिरिधरचा चेहरा पाहून हसू आवरलं, आणि कानामागची पेन्सिल काढून समोर धरली.

"इतना क्या सोचना? लेव. मार दे रेघा. किती होत्या ते तुझ्या रजिस्टरात असंन. ओंडक्यावरचा नंबर पुसला गेला तर आम्ही नवा टाकतोच नं."

"ओंडका तुझा असते गा. नंबरही तूच टाकलेला असते."

"अरे, शहाऐंशी वर्षांची बाई आहे. बघंल, खुश होईल, घरी जाईल. कोणाचं काय बिघडते?"

गिरिधर ओंडक्यावरून उठला. पेन्सिल घेतली आणि जिना चढून आत गेला. ओमप्रकाश बाहेरच थांबला. या कॉकपिटमध्ये बोलावल्याशिवाय तो कधी जात नसे.

डाव्या खुर्चीत बसून गिरिधर त्या लख्ख जागेकडे पाहत राहिला. मग वाकून एक रेघ मारली. रेघ सरळ आली. तबकडीवर खुणा करण्यात हयात गेलेला हात तो. पण ती नवीकोरी, चकचकीत, आणि तिच्यात विमानाच्या थरथरीचा अंशही नव्हता. जुन्या रेघा किंचित कापत आलेल्या होत्या, हे त्याला आत्ता आठवलं. इंजिनं फिरत असताना मारलेल्या होत्या त्या. त्यानं अंगठा ओला केला आणि रेघ पुसली. रजिस्टर उघडलं, तारीख टाकली, दोन्ही रकाने भरले, दोरा पानात घातला आणि बंद केलं.

घरी जेवताना त्यानं नीलाला सांगितलं. तिनं उचललेला घास ताटात परत ठेवला.

"रॉकेलचा डबा मीच आणला होता," ती म्हणाली. "सांगाल तेव्हा माझंही नाव सांगा."

"फडका माझ्या हातात होता, नीला."

"मग सांगून टाका. पण पुढे त्या काही बोलल्या तर मान खाली घालून उभे राहू नका. तुम्ही तसे उभे राहिलात की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास कुसुमताई आल्या. पांढरं सुती लुगडं, हातात काठी, बरोबर नात अश्लेषा. सुमंतनं लगबगीनं रांग बाजूला केली. कुसुमताईंनी पायरीशी चपला काढल्या, काठी नातीकडे दिली, आणि चार पायऱ्या चार थांब्यांनी चढल्या. डाव्या खुर्चीत बसल्या. गिरिधर काही सांगायच्या आत त्यांचे हात आपण होऊन मांडीवर गेले. त्या आधी वर पाहू लागल्या, काचेच्या कडेच्या रबराकडे.

"इथूनच गळत असेल," त्या म्हणाल्या. "पावसात यांचे गुडघे भिजायचे. एवढं मोठं विमान अन् छत गळकं, म्हणून मी हसायची."

गिरिधर उजव्या खुर्चीत बसला. आजवर पाहुण्याबरोबर तो आत कधी बसला नव्हता.

"कुठे?" कुसुमताईंनी विचारलं.

त्यानं बोटानं दाखवलं.

"माझी नजर गेली आता. टॉर्च लावा."

त्यानं लावला. हिरव्या रंगावर उजेडाचं वर्तुळ पडलं.

"काही दिसत नाही."

"काही नाही तिथं, ताई. होत्या. मी पुसल्या."

बाहेर लोक होते, माईक होता, पोहेवाला सराट्यानं कढई खरवडत होता. तेवढा खरवडण्याचा आवाज आत येत राहिला.

"तुम्ही?"

"मी. सोळा वर्षं झाली. दिवाळीची सफाई काढली होती. मले वाटलं कबाड्याच्या माणसांची मोजदाद आहे."

"कशानं पुसल्या?"

"रॉकेलनं."

"कबाड्याची मोजदाद," कुसुमताई सावकाश म्हणाल्या. चेहऱ्यावर राग आला आणि तिथेच थांबला. "काल फोनवर काहून नाही सांगितलं?"

"हिंमत नाही झाली."

नीलानं सांगितलेलं त्याला आठवलं. मान खाली गेली होती, ती त्यानं वर केली. मांडीवरचं रजिस्टर त्यांच्याकडे सरकवलं. "यात सारं लिहिलं आहे. जसं होतं तसं."

रजिस्टर दोऱ्याच्या खुणेपाशी उघडलं, म्हणजे शेवटच्या लिहिलेल्या पानावर. कुसुमताईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि शाळेतल्या मुलीसारखं मोठ्यानं वाचलं.

"जसं सापडलं : डाव्या खिडकीखाली काही नाही. काय केलं : एक रेघ मारली. पुसली." त्यांनी भिंग तारखेवर नेलं. "ही तर कालची."

"हो."

"काल रेघ काहून मारली?"

"तुम्हाले दाखवायले."

"मग पुसली काहून?"

"जमलं नाही, ताई."

त्यांनी भिंग खाली घेतलं. खाली रांगेतल्या कोणीतरी "किती वेळ?" म्हटलं, तर ओमप्रकाशनं त्याला अशा आवाजात गप्प केलं की लकडगंजच्या आरा मशीनची आठवण यावी. मग गिरिधरनं मागची पानं उलटून सोळा वर्षांपूर्वीचं पान काढलं. शाई फिकी झाली होती. 'डाव्या खिडकीखाली पेन्सिलीच्या रेघा, पाच-पाचच्या तेवीस जुड्या, सुट्या तीन.' आणि उजवीकडे, 'रॉकेलने पुसल्या.'

"एकशे अठरा," अश्लेषा पायरीवरून म्हणाली.

"एवढ्याच नसणार," कुसुमताई म्हणाल्या. "बाकीच्या दुसऱ्या विमानांत असतील. ती कुठे गेली कोणास ठाऊक." त्यांनी हात मांडीवरून उचलला आणि तळवा त्या कोऱ्या जागेवर ठेवला. रंग थंड होता. तिथून तो त्यांनी लवकर काढला नाही.

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. गिरिधरनंही माफी मागितली नाही. जिना उतरून, चपला घालून, काठी हातात घेऊन निघताना मात्र त्या वळल्या.

"पुढच्या वर्षी असले तर येईन. तोवर तिथे काहीतरी लिहून ठेवा. असं कोरं पाहवत नाही मला."

काय लिहावं याचा विचार त्यानं चार महिने केला. मग पितळेची छोटी पाटी करून आणली आणि भिंतीला भोक पडू नये म्हणून खिडकीच्या चौकटीला तारेनं अडकवली. सुमंतनं ती वाचली आणि हबकला. पाटीवर होतं : 'इथे एका वैमानिकाने पेन्सिलीने मारलेल्या एकशे अठरा रेघा होत्या. त्या मी, गिरिधर डबीर, यांनी अजाणता पुसल्या.'

"अहो गिरिधरराव, हे काय? लोक नावं ठेवतील. तुमच्यासारख्या माणसानं विमान वाचवलं, ते लिहा नं!"

"वाचवलं ते दिसूनच राहिलं नं गा. पुसलं ते दिसत नाही, म्हणून पाटी."

पुढच्या जानेवारीत, मेळाव्यात, लोकांनी नावं ठेवली नाहीत असं नाही. एक छंदी गृहस्थ पुण्याहून आले होते, पाटी वाचून म्हणाले, "रॉकेल? अरेरे, एवढंही कळू नये?" गिरिधर म्हणाला, "नाही कळलं." आणि त्याच गृहस्थानं संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आपण ग्लायडरच्या आतला जुना रंग खरवडला, तेव्हा खाली कोणाची तरी सही होती. कोणाची, ते न वाचताच गेली. असे आणखी तिघे-चौघे आले. कोणी पॉलिश मारलं होतं, कोणी नवा रंग दिला होता. सांगायचे आणि पोहे खायला जायचे. गिरिधर त्यांना एकेक कोरी वही घ्यायला लावायचा, दोन रकान्यांची.

त्याच मेळाव्यात, दुसऱ्या दिवशी, कुसुमताई आल्या. या वेळी दोघांनी धरून चढवावं लागलं. पाटीवर भिंग धरून त्यांनी दोनदा वाचलं.

"'एका वैमानिकाने' असं नको," त्या म्हणाल्या. "त्यांना नाव होतं. आणि 'मी' म्हटल्यावर 'यांनी' कशाला? तुम्ही पुसल्या तर सरळ 'मी पुसल्या' म्हणा."

"पाटी बदलतो."

"बदला." मग त्यांनी पुन्हा तळवा त्या जागेवर ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. गिरिधरला वाटलं जप चालला आहे. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं, दर पाचाला त्यांचं बोट भिंतीवर आडवं सरकत होतं. खाली रांग मैदानाच्या फाटकापर्यंत गेली होती. त्यानं कोणालाही घाई करू दिली नाही. तेवीस जुड्या झाल्या, वर तीन बोटं टेकली, आणि कुसुमताईंनी डोळे उघडून नातीला हाक मारली.

नव्या पाटीवर कॅप्टन वामनराव बक्षी यांचं नाव आहे, आणि 'मी पुसल्या' आहे. आजही जानेवारीत मैदानावर जाल तर ती वाचायला मिळेल. ताडपत्रीच्या गाठी मात्र आता ओमप्रकाश सोडतो. त्याला त्या एकेक करून सोडता येत नाहीत, दोऱ्या गुंततात, तरी तो कोणाला सोडू देत नाही. आणि आत शिरणाऱ्याला तोच सांगतो, पहिली दोन मिनिटं हात मांडीवर. रजिस्टर नीला लिहिते. अक्षर गिरिधरपेक्षा बरं आहे, असं तीच सांगते, आणि हसता हसता तोंड फिरवते.

एक प्रवेश सांगायचा राहिला. तो मैदानावरचा नाही.

पाटी बदलली त्याच वर्षी, श्रावणात, गिरिधरच्या छातीत पाणी झालं. मेळाव्याच्या मैदानापासून चार गल्ल्यांवरच्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं. दुसऱ्या मजल्यावरची खोली, एक खिडकी, ती डाव्या हाताला. पलंगाच्या डोक्याशी पांढरा फळा, त्याच्यावर रोज सकाळी नर्स रक्तदाब, ताप, साखर, असे आकडे मार्करनं लिहायची आणि कालचे पुसायची. पहिले काही दिवस गिरिधर मान उलटी करून ते वाचायचा आणि डॉक्टरांशी वाद घालायचा. "तुमचं यंत्र चार पॉइंट जास्त दाखवून राहिलं," म्हणायचा. मग बोलणं कमी झालं. पाणी द्यायला गेलं तरी डोळ्यांनीच हो-नाही. ओमप्रकाश रोज यायचा, स्टुलावर बसायचा. वखारीतल्या गोष्टी सांगायचा, कोणत्या ओंडक्याला भेग गेली, कोणतं गिऱ्हाईक भांडलं. उत्तराची वाट पाहायचा नाही.

दोन दिवस गिरिधर एक शब्दही बोलला नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी नीला त्याचा हात हातात घेऊन बसली होती, ओमप्रकाश दाराशी उभा होता. नर्स आली. सोनिका नाव तिचं, नवीनच लागलेली, कामाला चपळ. तिनं दाब मोजला, ताप मोजला, मनात आकडे धरून फळ्याकडे वळली आणि डस्टर उचललं.

गिरिधरचे डोळे उघडले. त्यानं नीलाच्या हातातून आपला हात सोडवला आणि वर केला, थांब म्हणतात तसा. डस्टर हवेत राहिलं.

"काय झालं, आबा?" सोनिका वाकून म्हणाली. "काही पाहिजे?"

त्याचा आवाज कोरडा, पण शब्द न शब्द ऐकू आला. त्यानंतर तो दुपारपर्यंत होता, शांत होता, पण बोलला नाही. म्हणून नीला आणि ओमप्रकाश दोघांनाही ते नेमकं ठाऊक आहे, आणि दोघंही ते अगदी सारखं सांगतात. फळ्यावरच्या कालच्या आकड्यांकडे बोट करून तो म्हणाला,

"लिहून घेतलं काय वं पोरी ते? मंग पुस."